उमराव घडतो कसा



१७९९ च्या फेब्रुवारीत माद्रिदमध्ये अत्तरे आणि मद्ये विकणाऱ्या एका दुकानात फ्रान्सिस्को गोयाच्या ८० कोरीव चित्रांचा संच विक्रीला आला. ‘लॉस काप्रिचोस’ हे त्याचे नाव. त्यातल्या ३९ व्या चित्रात एक गाढव मेजाशी बसले आहे आणि समोर उघडलेला जाडजूड ग्रंथ आपल्याला दाखवते आहे. ग्रंथाच्या पानांवर ओळीने चित्रे आहेत आणि ती सगळी गाढवांची आहेत. चित्राखाली गोयाने दिलेल्या ओळीचा आशय एवढाच, की याचा आजाही हेच होता. त्या काळच्या काही टीपकारांनी या गाढवात राजदरबारातला सर्वशक्तिमान मंत्री मानुएल गोदॉय पाहिला. गोदॉयची वंशावळ प्राचीन गॉथ राजांपर्यंत नेऊन भिडवण्याचा उद्योग तेव्हा झालाच होता. रोख नेमका कोणावर होता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. गाढव हे मूर्खपणाचे चिन्ह इसापाइतके जुने आहे. या चित्रात माझ्या मते सगळ्यात मोलाचे आहे ते पुस्तक. खानदान सिद्ध करण्यासाठी जो कागद पुढे केला जातो, तोच गोयाने उघडून प्रेक्षकासमोर धरला आणि वाचायला सांगितला.

आज मला जे मांडायचे आहे ते याच पुस्तकाच्या अनुषंगाने. उमरावशाहीचा मूळ दावा निसर्गाचा असतो. जमीन, पदवी, कायदे करण्याचा हक्क, करांतून सूट, या सगळ्यांच्या मुळाशी रक्त आहे आणि रक्त कोणी घडवत नाही, असा तो दावा. डोंगर जसा आहे म्हणून आहे, तसा उमराव आहे म्हणून आहे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय व्यंगचित्राने या दाव्यावर जो घाव घातला, त्याचे वर्णन आपण बहुधा ‘बड्यांची खिल्ली उडवली’ एवढ्यावर संपवतो. मला ते वर्णन अपुरे वाटते. बड्यांची खिल्ली प्रत्येक काळात उडवली गेली आहे आणि बड्यांनी ती पचवलीही आहे. त्या शतकातल्या उत्तम व्यंगचित्रांनी याहून अवघड काम केले. उमराव ही घडवलेली वस्तू आहे, ती कोण घडवतो, कशापासून घडवतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हे त्यांनी दाखवले. जिथे व्यंगचित्राने हे काम केले तिथे सत्तेने त्याला तुरुंगात टाकले. जिथे त्याने फक्त लांब नाक आणखी लांब काढले, तिथे त्याच उमरावांनी ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले. माझ्या म्हणण्याचा कस या फरकावर लागायला हवा.

एक आक्षेप इथेच घेतला जाईल. जन्मसिद्ध श्रेष्ठत्वावरची टीका लेखकांनी आधीच केली नव्हती का? केली होती. बोमार्शेच्या नाटकातल्या फिगारोने १७८४ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आपल्या धन्याला उद्देशून स्वगतात म्हटले होते की जन्म घेण्यापलीकडे त्याने काहीच कष्ट केलेले नाहीत. १७८९ मध्ये सिएसने तिसऱ्या वर्गावरच्या, म्हणजे सामान्य जनतेवरच्या, पुस्तिकेतून तोच मुद्दा राज्यशास्त्राच्या भाषेत मांडला. मग चित्राने भर कसली घातली? याचे उत्तर उमरावशाही स्वतः कशावर जगत होती यात आहे. ती युक्तिवादावर जगत नव्हती, दिसण्यावर जगत होती. इयासेंत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेले चौदाव्या लुईचे भव्य चित्र आठवा. कमळचिन्हांनी भरलेला झगा, एर्मिनची पांढरी किनार, उंच केसांचा टोप, लाल टाचांचे जोडे आणि साठी ओलांडलेल्या माणसाचे नर्तकासारखे रेखीव पाय. या चित्रात वय, थकवा, आजार यांना जागा नाही. ते पाहणाऱ्याला राजा आणि राजवस्त्रे वेगळी करता येत नाहीत, आणि त्यांनी वेगळे होऊ नये यासाठीच ते चित्र आहे. विल्यम थॅकरेने १८४० मध्ये ‘पॅरिस स्केच बुक’ या पुस्तकात याच चित्राला उत्तर दिले. त्याने तीन आकृत्या शेजारी शेजारी काढल्या. पहिल्या आकृतीत नुसती वस्त्रे, टोप आणि टाचा आहेत, आत कोणी नाही. दुसरीत एक ठेंगणा, टकला, पोट सुटलेला म्हातारा आहे. तिसरीत तो म्हातारा त्या वस्त्रांत शिरला आहे आणि समोर महान सम्राट उभा आहे. यातली एकही आकृती फारशी विपर्यस्त नाही. थॅकरेने बेरीज मांडली आणि ती उलटी करूनही दाखवली. लेखाला हे सांगायला पान लागते आणि वाचकाला ते पटवून घ्यावे लागते. चित्रात ते एका नजरेत घडते, आणि एकदा वस्त्रे वेगळी पाहिली की रिगोचे चित्र पूर्वीसारखे पाहता येत नाही. दिसण्यावर उभ्या असलेल्या सत्तेचे खंडन दिसण्यातूनच व्हावे लागते.

हे खंडन राजकीय शस्त्र झाले ते फ्रान्समध्ये, आणि त्याला कारण फ्रान्सचा इतिहास. तिथे पंचवीस वर्षांत उमरावशाही एकदा रद्द झाली, मग नेपोलियनने स्वतःचे नवे ड्यूक आणि काउंट निर्माण केले, आणि १८१४ मध्ये बूर्बाँ राजघराण्याबरोबर जुने उमराव परदेशातून परतले. जुने आणि नवे उमराव एकाच शहरात, एकाच दरबारात वावरू लागले. निसर्गाच्या दाव्याला यापेक्षा वाईट दिवस येणे शक्य नव्हते. १८१४-१५ च्या चित्रांत परतलेल्या म्हाताऱ्या सरदारांना ‘चौदाव्या लुईचे व्होल्तिजर’ असे नाव मिळाले. व्होल्तिजर म्हणजे नेपोलियनच्या सैन्यातला चपळ, हलका पायदळ शिपाई. चित्रात मात्र काटकुळा वृद्ध, पाठीवर शेंडीसारखी वेणी, कमरेला अंगाहून लांब तलवार. ‘ल नँ जोन’ या नियतकालिकाने तर स्वतःच पदव्या वाटायला सुरुवात केली. मेणबत्ती विझवायची जी शंकूसारखी टोपी असते, तिचा एक ‘मानाचा संप्रदाय’ त्याने काढला आणि ज्ञानाचा दिवा विझवू पाहणाऱ्यांना त्याच्या सनदा जाहीर केल्या. दुसरा संप्रदाय वारा येईल तिकडे फिरणाऱ्या पवनकुक्कुटाचा. १८१५ च्या एप्रिलमध्ये त्याच नियतकालिकात सहा तोंडांचा माणूस छापून आला आणि सहाही तोंडांतून वेगवेगळ्या सत्तेचा जयजयकार चालला होता. तो तालेराँ होता. पेरिगोरच्या अस्सल जुन्या घराण्यातला, आधी बिशप, मग क्रांतीचा मुत्सद्दी, मग नेपोलियनचा प्रिन्स, मग बूर्बाँचा परराष्ट्रमंत्री. त्या सहा तोंडांना अतिशयोक्ती म्हणणे मला जड जाते, तो त्याचा जीवनवृत्तांतच आहे. पदवी शपथेतून मिळते आणि शपथ बदलली की पदवी टिकते, हे यंत्र या चित्रांनी उघडे केले. दहा वर्षांनी, १८२५ मध्ये, क्रांतीत गेलेल्या जमिनींची भरपाई म्हणून सरकारने परतलेल्या उमरावांना जवळपास एक अब्ज फ्रँक देण्याचा कायदा केला. रक्ताची किंमत प्रथमच अंदाजपत्रकात आकड्याने लिहिली गेली.

१८३० च्या जुलै क्रांतीनंतर हे यंत्र अधिक स्पष्ट दिसू लागले. लुई फिलिप राजा झाला आणि वंशपरंपरागत उमरावसभेचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. १८३१ च्या शरद ऋतूत प्रतिनिधिसभेत त्यावर मोठी चर्चा झाली. गिझो, तिएर, रोयेए-कोलार यांच्यासारख्या वक्त्यांनी वंशपरंपरेची बाजू घेतली, पण त्यांचा आधार रक्ताचा नव्हता. वारसाहक्काने आलेला उमराव राजापासूनही स्वतंत्र राहतो आणि लोकांच्या लाटेपासूनही, म्हणून तो राज्याला उपयोगी असतो, असे त्यांचे म्हणणे होते. युक्तिवाद हुशारीचा होता, पण तो हरला. आता हा कायदा उमरावसभेतूनही मंजूर व्हायला हवा होता. त्यासाठी राजाने नोव्हेंबर १८३१ मध्ये ३६ नवे उमराव नेमले, आणि त्यांच्या मतांच्या बळावर २९ डिसेंबरला वंशपरंपरा संपवणारा कायदा झाला. वंशपरंपरा मोडायला हवी ती मते राजाने लेखणीच्या एका फटकाऱ्याने तयार केली, ही गोष्ट त्या हिवाळ्यात पॅरिसमधल्या प्रत्येक वृत्तपत्रवाचकाला ठाऊक होती.

या हिवाळ्यात व्यंगचित्रकारांच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक होते शिळाछापाचे तंत्र. बव्हेरियातल्या आलॉइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या या तंत्रात चित्रकार तेलकट खडूने थेट दगडावर चित्र काढतो. तांब्यावर कोरणाऱ्या कारागिराची मध्यस्थी नाही, आठवडे लागत नाहीत, काल संसदेत झालेल्या गोष्टीवरचे चित्र चार-दोन दिवसांत छापून होते. दुसरी गोष्ट म्हणजे शार्ल फिलिपाँ. लियाँहून आलेल्या या संपादकाने ४ नोव्हेंबर १८३० रोजी ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक सुरू केले आणि १८३२ च्या डिसेंबरात ‘ल शारिवारी’ हे दैनिक. लंडनच्या ‘पंच’ने १८४१ मध्ये आपल्या नावाखाली ‘लंडनची शारिवारी’ असे छापून हे ऋण मान्य केले, आणि त्या ‘पंच’च्या वळणावर मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघाले. फिलिपाँ सगळ्यांना माहीत आहे तो राजाच्या चेहऱ्याची नाशपाती करणारा म्हणून. १८३१ च्या नोव्हेंबरात न्यायालयात त्याने चार पायऱ्यांत तो चेहरा फळात बदलून दाखवला. ही गोष्ट गमतीची आहे, तिचा परिणामही प्रचंड झाला, भिंतीभिंतींवर नाशपाती उमटल्या. पण माझ्या दृष्टीने ते त्या दशकातले सर्वांत धारदार चित्र नव्हे. नाशपाती राजाला चिडवते, त्याची सत्ता कशी चालते याबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही.

ते सांगते ओनोरे दोमिएचे ‘गारगांतुआ’. मार्सेलच्या एका काच बसवणाऱ्याचा हा मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. डिसेंबर १८३१ मधल्या या चित्रात राबलेच्या कादंबरीतला खादाड राक्षस म्हणजे लुई फिलिप आहे आणि तो शौचाच्या खुर्चीवर सिंहासनासारखा बसला आहे. त्याच्या उघड्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी टेकवली आहे. उजवीकडे खाली गर्दी आहे ती फाटक्या, अपंग, कृश माणसांची, आणि त्यांत तान्ह्याला पाजणारी एक बाई. ती आपली नाणी टोपल्यांत टाकताहेत. इटुकले मंत्री त्या टोपल्या फळीवरून चढवून राक्षसाच्या तोंडात रिकाम्या करताहेत, आणि फळीवरून जी नाणी सांडतात ती खालचे काही जण उचलून घेताहेत. खुर्चीखालून बाहेर पडतात ती मानचिन्हे, नेमणुकांचे हुकूम आणि उमरावपदाच्या सनदा. त्या झेलायला पोट सुटलेल्या सभ्य माणसांची झुंबड उडाली आहे आणि सनद मिळालेले सभागृहाच्या दिशेने पळत सुटले आहेत.

या चित्रावर आपण थोडे थांबू, कारण माझ्या प्रतिपादनाचा सगळा भार त्याच्यावर आहे. अश्लील म्हणून ते बाजूला सारण्याची पद्धत आहे. मला ते अत्यंत शिस्तबद्ध वाटते. चित्राला उजवीकडून डावीकडे वाचायची दिशा आहे, आणि ती दिशा पैशाच्या प्रवासाची आहे. कर देणाऱ्याच्या हातातून निघालेले नाणे कुठे जाते, कोणाच्या पोटातून जाते आणि शेवटी त्याचे काय होते, हे दोमिए टप्प्याटप्प्याने दाखवतो. शेवटचा टप्पा उमरावपदाचा आहे. त्याच सुमारास ३६ सनदा निघाल्या होत्या आणि राजघराण्याच्या वार्षिक तनख्याचा वाद तापत होता. तो तनखा मार्च १८३२ मध्ये १ कोटी २० लाख फ्रँक ठरला. विष्ठेचा वापर म्हणूनच भडक नाही, तर अर्थपूर्ण आहे. रक्त ही शरीराची एक गोष्ट, जिच्यावर उमरावशाही स्वतःला उभी करते. दोमिएने शरीराचीच दुसरी गोष्ट तिच्या जागी ठेवली. उमरावपद खरोखर शरीरातूनच येते, असे त्याने उमरावांचे म्हणणे मान्य केले, आणि कोणत्या मार्गाने येते तेही दाखवले. या चित्राबद्दल दोमिए, मुद्रक आणि प्रकाशक यांच्यावर खटला झाला. फेब्रुवारी १८३२ मध्ये दोमिएला सहा महिन्यांची कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला, आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याला सेंत-पेलाजीच्या तुरुंगात नेण्यात आले.

तीन वर्षांनी उमरावसभेला स्वतः न्यायासनावर बसावे लागले. एप्रिल १८३४ मध्ये लियाँ आणि पॅरिसमध्ये उठाव झाले. पॅरिसच्या र्यू त्राँस्नोनँवरच्या १२ क्रमांकाच्या घरात सैनिकांनी झोपलेल्या रहिवाशांना ठार मारले. त्यावरचे दोमिएचे चित्र व्यंगचित्र म्हणवत नाही इतके शांत आणि भयंकर आहे. पकडलेल्यांपैकी दीडशेहून अधिक जणांचा खटला मे १८३५ मध्ये लक्झेंबर्ग राजवाड्यात उमरावसभेपुढे सुरू झाला. आरोपींना आपल्या पसंतीचे बचावकर्ते नाकारण्यात आले. दोमिएने तोंडात बोळा कोंबलेला आरोपी काढला आणि त्याला मोकळेपणाने बोलायला सांगणारा हसरा न्यायाधीश काढला. याशिवाय त्याने न्यायाधीशांची, म्हणजे उमरावांची, एकेकट्याची चित्रे छापली. त्यांत बार्बे-मार्ब्वा आहे, जो तेव्हा नव्वदीचा होता. त्याने सोळाव्या लुईची चाकरी केली होती, नेपोलियनचा कोषमंत्री म्हणून १८०३ मध्ये अमेरिकेला लुइझियाना विकण्याचा करार केला होता, बूर्बाँचे मंत्रिपद भूषवले होते. त्यांत रोडेरे आहे, ज्याने १० ऑगस्ट १७९२ रोजी राजाला राजवाडा सोडायला लावले आणि पुढे जो नेपोलियनचा काउंट झाला. ही चित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. इथे राक्षस नाहीत, जनावरे नाहीत. लोंबणारी कातडी, मिटू पाहणारे डोळे, टोपाखाली दबलेले डोके आहे. आधी मातीची रंगवलेली मुखवटेवजा शिल्पे करून दोमिएने संसदेतल्या चेहऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यांतली ३६ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. उमरावाला तो म्हातारा माणूस म्हणून पाहतो, आणि ज्या दालनात तरुण कारागिरांच्या जन्मठेपेचा निर्णय व्हायचा आहे तिथे ते म्हातारपण बसवतो. रिगोच्या चित्रातून जे वय हाकलले गेले होते, ते इथे परत आले आहे.

सप्टेंबर १८३५ मध्ये सरकारने अशा चित्रांच्या प्रकरणाचा शेवट केला. जुलैत राजावर झालेल्या प्राणघातक हल्ल्याचे निमित्त होते. १८३० च्या सनदेत, म्हणजे राज्यघटनेत, स्पष्ट लिहिले होते की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही. त्यातून सरकारने काढलेली पळवाट फार बोलकी आहे. सनदेने मते प्रसिद्ध करण्याचा हक्क दिला आहे, पण चित्र हे मत नसून कृती आहे, ते बुद्धीशी नाही तर डोळ्यांशी बोलते, असे सरकार म्हणाले. म्हणून लेखांना पूर्वपरवानगी नको, चित्रांना हवी. ‘ला कारिकात्यूर’ ऑगस्टच्या अखेरीसच बंद पडले होते. १८४८ ते १८५२ ही चार वर्षे आणि त्यानंतरचे अगदी थोडे काळ सोडले, तर फ्रान्समध्ये चित्रांवरची पूर्वपरवानगी २९ जुलै १८८१ च्या कायद्याने उठेपर्यंत टिकली. प्रशियात १८४२ मध्ये राजाने चित्रांवरची सेन्सॉरशिप उठवली आणि पुढल्याच वर्षी परत आणली. मला सरकारचे ते विधान जसेच्या तसे मान्य आहे. चित्र खरोखर कृती होते. त्याने वस्त्रे आणि माणूस वेगळे केले, आणि ते वेगळे होणे प्रत्येक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घडत होते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप वाचकांच्या संख्येचा. ‘ला कारिकात्यूर’ची वार्षिक वर्गणी मजुराला परवडणारी नव्हती, वर्गणीदार सुखवस्तू वर्गातलेच होते. मग सामान्यांपर्यंत हे पोचले असे कसे म्हणायचे? याला त्या काळच्या चित्रांतच उत्तर आहे. डिसेंबर १८३१ मध्ये त्राव्हिएसने फिलिपाँच्या मेहुण्याचे, ओबेरचे, दुकान काढले. काचेमागे चित्रे टांगली आहेत आणि बाहेर सगळ्या थरांतली माणसे मान उंचावून पाहताहेत. चित्र विकत न घेता पाहता येते, आणि वाचता न येणाऱ्यालाही त्याचा अर्थ लागतो. सरकारला भीती होती ती याच गर्दीची. तरीही मी या आक्षेपाला अंशतः मान देतो. या चळवळीला पैसा पुरवणारा वर्ग उमरावांच्या जागी स्वतः बसायला निघालेला मध्यमवर्ग होता, आणि त्यातल्या अनेकांना पुढे किताब प्रिय झाले. दोमिएने त्यांनाही सोडले नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. व्यंगचित्र शरीराला हसते. म्हातारपण, लठ्ठपणा, कुरूपता यांत कोणाचा गुन्हा नसतो. आणि ही सवय लागली की तीच लेखणी दुबळ्यांवरही चालते. हे घडले आहे, आणि ते लपवून चालणार नाही. खुद्द दोमिएने १८४४ मध्ये लिहित्या-वाचत्या बायकांवर ‘ले बा-ब्लो’ ही चाळीस चित्रांची मालिका काढली, आणि ती संकुचित मनाची आहे. ‘पंच’मध्ये जॉन टेनियलने १८६० ते १८८० च्या दशकांत आयरिश बंडखोरांना माकडाच्या जबड्याचे रानटी प्राणी म्हणून रंगवले. १८९० च्या दशकात द्र्यूमाँच्या सचित्र ‘ला लिब्र पारोल’ने ज्यूंविरुद्ध विष पेरले. पण ही चित्रे ‘गारगांतुआ’च्या शेजारी ठेवून पाहा. आयर्लंडमधला शेतकरी दरिद्री आणि संतप्त का झाला, याला जमीनदारी, दुष्काळ आणि कायदे अशी ऐतिहासिक कारणे होती. टेनियलने ती पुसून टाकली आणि त्या जागी जबडा ठेवला, म्हणजे रक्त ठेवले. माणसांनी घडवलेल्या अवस्थेला त्याने निसर्ग ठरवले. उमरावशाही स्वतःच्या बाजूने जो दावा करते तोच इथे गरिबाच्या विरुद्ध केला आहे. दोमिएचे चित्र निसर्गाच्या आवरणाखालची घडण दाखवते, टेनियलचे चित्र घडणीवर निसर्गाचे आवरण घालते. दोघांच्या हातात खडू एकच आहे म्हणून त्यांचे काम एक होत नाही. व्यंगचित्र न्याय्य की अन्याय्य हे ठरवताना ‘कोणाला हसले’ यापेक्षा ‘कशाने हसवले’ हे पाहावे, असे मी सुचवतो.

याच कसोटीवर इंग्लंडमधले एक सौम्य उदाहरणही तपासता येते. लंडनमध्ये १८६८ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ हे साप्ताहिक निघाले आणि १८६९ च्या जानेवारीत त्यात कार्लो पेलेग्रिनीचे डिझरायलीवरचे रंगीत शिळाछाप चित्र आले. पेलेग्रिनी आणि त्याच्यानंतर लेस्ली वॉर्ड यांनी दर आठवड्याला एकेक लॉर्ड, सेनापती, न्यायमूर्ती काढला. रेषा सुंदर आहे, निरीक्षण अचूक आहे, डोके मोठे आणि पाय बारीक आहेत. आणि लवकरच ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये चित्र येणे हा मान समजला जाऊ लागला. कारण या चित्रांतला लॉर्ड त्याच्या चष्म्यामुळे, चालण्यामुळे, टोपीमुळे मजेशीर आहे. त्याची जमीन कुठून आली, तो सभागृहात कशाच्या जोरावर बसतो, याचा मागमूस त्यात नाही. लकब ही स्वभावाची, म्हणजे पुन्हा निसर्गाचीच. असा विनोद उमरावशाहीला अधिक लोभस करतो. याच्या उलट म्युनिकच्या ‘झिम्प्लिसिसिमुस’मध्ये १८९८ साली टोमास टेओडोर हाइनेने काय केले ते पाहा. कैसर दुसरा विल्हेल्म पॅलेस्टाइनला धर्मयोद्ध्याच्या थाटात निघाला होता. हाइनेने मध्ययुगातले दोन खरे धर्मयोद्धे काढले, बूइयाँचा गॉडफ्री आणि सम्राट बार्बारोसा. कैसरचे नवे शिरस्त्राण पाहून बार्बारोसाला हसू आवरत नाही. कैसरच्या नाकाडोळ्यांना हाइनेने हातही लावला नाही, तो चित्रात नाहीच. फक्त टोपी आहे आणि पूर्वजांचा निकाल आहे. हाइनेला सहा महिने किल्ल्यात कैद झाली, कवी फ्रांक वेडेकिंडलाही शिक्षा झाली आणि प्रकाशक आल्बर्ट लांगेनला काही वर्षे देशाबाहेर राहावे लागले.

शेवटचा आक्षेप परिणामाचा. आर्नो मेयर या इतिहासकाराने साधार दाखवले आहे की युरोपात जुनी उमरावशाही १९१४ पर्यंत जमीन, सैन्य, परराष्ट्र खाते आणि वरिष्ठ सभागृहे यांत घट्ट बसून होती. मग व्यंगचित्रांनी साधले काय? चित्रांनी उमरावशाही पाडली असे मी कुठेही म्हटलेले नाही आणि म्हणणार नाही. माझे म्हणणे असे की तिला स्वतःबद्दल बोलायची भाषा बदलावी लागली, आणि चित्रे या बदलाच्या कारणांपैकी एक होती. १८३१ मध्येच तिचे वकील रक्ताऐवजी उपयोगाच्या गोष्टी करू लागले होते, हे आपण पाहिले. उपयोगाचा दावा मात्र तपासता येतो, आणि खोटा ठरला तर मागे घ्यावा लागतो. १९०९ च्या ऑक्टोबरात ब्रिटनचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज न्यूकॅसलच्या जाहीर सभेत विचारत होता, की योगायोगाने निवडल्या गेलेल्या पाचशे सामान्य माणसांनी लाखोंचा निर्णय का फिरवावा आणि मूठभरांना देशाच्या जमिनीचे मालक कोणी केले. ‘कोणी केले’ हा प्रश्न दोमिएने विचारला तेव्हा त्याला तुरुंग मिळाला होता. आता तो राजाचा मंत्री विचारत होता. उमरावसभेने त्याचे अंदाजपत्रक फेटाळले, दोन निवडणुका झाल्या, आणि उमरावांचा नकाराधिकार काढून घेणारे विधेयक १९११ मध्ये त्यांच्याच सभेपुढे आले. त्यांनी ते अडवले तर गरजेइतके, म्हणजे शेकडो, नवे उमराव नेमण्याचे आश्वासन पंतप्रधान अ‍ॅस्क्विथने पाचव्या जॉर्जकडून आधीच घेऊन ठेवले होते. पदवी हवी तितक्या संख्येने तयार करता येते, हे आता खुद्द राजाच्या शब्दाने सिद्ध होणार होते, आणि जुन्या घराण्यांना हरण्यापेक्षा त्याची भीती जास्त वाटली. १० ऑगस्ट १९११ च्या रात्री उमरावसभेने ते विधेयक १३१ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर केले.